पाचवं कापड

मित्रांनो, मी एक जीप आहे. नुसती जुनी जीप म्हणू नका, राग येतो मला. मी घाट चढलेली, ओढे पार केलेली जीप आहे. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी पाटबंधारे खात्यात नवी कोरी दाखल झाले, तेव्हा माझं स्टेअरिंग बाबुरावांच्या हातात आलं. साहेबलोक नकाशा उघडून रस्ता शोधत बसायचे, तोवर बाबुराव मला बिनधास्त पाण्यात घालून पलीकडे नेत. धरणाच्या कामावरचे गडी म्हणायचे, "बाबुरावची जीप म्हणजे रेडा आहे रेडा!" मला वाईट नाही वाटलं. उलट छाती फुगली.

पुढे खात्याने मला लिलावात काढलं. तेव्हा बाबुरावांनीच मला घेतलं आणि परळच्या आपल्या चाळीत आणलं. तिथेही माझा थाट होता. लग्नाला मी, शाळेच्या सहलीला मी, आणि सहा डिसेंबरला पाण्याचे ड्रम घेऊन शिवाजी पार्कला जायचा मानही माझाच. मग बाबुरावांचे गुडघे गेले आणि मी मागच्या भिंतीला लागले ती अकरा वर्षं तिथेच. बॉनेटवर पापड वाळले, सीटखाली मांजर व्याली. मला वाटलं, संपलं आता आपलं.

यंदा चाळ पाडायचं ठरलं. चाळ कमिटीचे सेक्रेटरी हितेंद्र यांनी फळ्यावर लिहिलं की, अमुक रविवारी सकाळी दहाला आवार रिकामं करायचं. चालत्या गाड्यांना वडाळ्याला तात्पुरती जागा मिळेल, बंद गाड्या क्रेन उचलून भंगारात नेईल. ते वाचून बाबुराव माझ्याजवळ आले, स्टेअरिंगवर डोकं टेकलं आणि ढसाढसा रडले. त्यांची मुलगी वैशाली मागेच उभी होती. म्हणाली, "पप्पा, दीड महिना आहे हातात. मी करते हिला चालू."

आता ही वैशाली म्हणजे मोठ्या इस्पितळातली ऑपरेशन थिएटरची सिस्टर. पाना कशाशी खातात हेही तिला ठाऊक नव्हतं! मोबाइलवर व्हिडिओ लावून ती कामाला बसली आणि पहिल्याच दिवशी प्लगच्या वायरी उलटसुलट जोडल्या. मी असा काही बार काढला की छपरावरची सगळी कबुतरं उडाली. तिसऱ्या मजल्यावरून गंगुबाई ओरडल्या, "अगो बाय, बॉम्ब फोडतंस काय?"

पण तिची एक रीत होती. माझा एकेक भाग काढून ती घरातल्या स्टीलच्या ताटात मांडायची आणि भिंतीवर खडूने लिहायची. बोल्ट चौदा, स्प्रिंग चार. परत लावताना सगळं मोठ्याने मोजायची. बाजूला खुर्ची टाकून बसलेले बाबुराव वैतागायचे.

"अगं, हे काय तुझं हॉस्पिटल आहे? आम्ही तीस वर्षं अंदाजाने गाड्या खोलल्या-बांधल्या."

"पप्पा, आमच्याकडे काउंट जुळल्याशिवाय टाका घालत नाहीत."

भलेभले मेकॅनिक माझ्या अंगावर हात टाकून गेलेत, मित्रांनो. पण असं माणसासारखं मला कुणी मोजलं नव्हतं. मी थक्क होऊन बघत राहायचे.

शेवटच्या आठवड्यात तिने इंजिनाचे व्हॉल्व्ह काढले. तिथे खाली भोकं असतात. त्यातून काही निसटलं तर थेट माझ्या पोटात, म्हणजे तेल साठतं त्या चेंबरमध्ये पडतं. म्हणून तिने जुन्या चादरीचे पाच तुकडे करून भोकं बुजवली आणि भिंतीवर लिहिलं, कापड पाच. स्प्रिंग ओढताना एक तुकडा सटकला आणि आत गेला. तिला कळलं नाही. मला कळलं, पण मला कुठलं तोंड! तो तुकडा तेलाच्या जाळीला चिकटला की इंजिनाला तेल मिळणार नाही आणि वडाळा येण्याआधीच मी कायमची जाम होणार. हे ठाऊक असून मी मुकाट उभी होते.

रविवार उजाडला. सकाळी सातला वैशालीने व्हॉल्व्हवरचं झाकण हातात घेतलं आणि मोजायला लागली. कापडं चार. पुन्हा मोजली. चारच.

"उडाली असेल चिंधी वाऱ्यावर," बाबुराव म्हणाले. "लाव झाकण."

"काउंट चुकलाय, पप्पा. चेंबर खोलावा लागेल."

"अगं, दहाला क्रेन येतेय! खोलत बसलीस तर गेली गाडी. एकदा चालू तरी कर. मला तिचा आवाज ऐकू दे गं, वैशू."

वैशालीचे डोळे भरले. तरी तिने झाकण खाली ठेवलं. "आत कापड असेल तर तो शेवटचाच आवाज असेल. मी नाही बंद करणार."

"मग घाल तिला भंगारात!" म्हणत बाबुराव लंगडत निघून गेले.

ती जॅक लावून माझ्याखाली शिरली. तेल टबात काढलं आणि एकेक बोल्ट सोडवू लागली. काही बोल्ट गंजून हटून बसले होते. कोपर सोलवटलं, घाम डोळ्यांत गेला, पण मोजणं थांबलं नाही. माझ्या मनात आलं, अगं, कोण लागते मी तुझी?

दहाच्या ठोक्याला क्रेन आली. हितेंद्र वाकून म्हणाले, "वैशालीताई, मलाही बरं नाही वाटत. पण नियम सगळ्यांना एकच आहे ना."

तेवढ्यात चेंबर सुटून खाली आला. जाळीला चिकटलेलं काळंभोर कापड तिने चिमटीत धरून ओढलं, ताटात ठेवलं आणि म्हणाली, "पाच."

"हे आत राहिलं असतं तर?" हितेंद्रनी विचारलं.

"मेली असती."

हितेंद्रनी ताटातलं कापड बोटाने उलटून पाहिलं. मग क्रेनवाल्याला म्हणाले, "पलीकडच्या स्कूटरी आधी उचला. हिला शेवटी बघू."

बाबुराव केव्हा परतले होते कोण जाणे. दुखते गुडघे मोडून ते जमिनीवर बसले आणि एकेक बोल्ट तिच्या हातात देऊ लागले. "एक... दोन... तीन..." तीस वर्षं अंदाजाने गाड्या बांधणारा तो माणूस मोठ्याने मोजत होता.

साडेबारा वाजता शेवटची स्कूटर क्रेनवर चढत होती, तेव्हा चेंबर नि झाकण बसवून, तेल भरून वैशालीने सेल्फ मारला. एकदा, दोनदा... तिसऱ्यांदा मी अशी गरजले की अख्खी चाळ गॅलरीत आली. बाबुराव सवयीने उजव्या बाजूला आले, पण तिला उठवलं नाही. वळसा घालून डावीकडे आले आणि साहेबाच्या जागेवर बसले. सत्तेचाळीस वर्षांत ते तिथे कधी बसले नव्हते. डोळे पुसून म्हणाले, "चला, सिस्टर. घ्या गाडी."

तर मित्रांनो, घरातला पंखा खोला, घड्याळ खोला, शिलाईचं मशीन खोला. खुशाल खोला, चुका, बार काढा, त्याने आम्ही मरत नाही. फक्त बंद करण्याआधी एकदा मोजा. आत काय राहिलंय ते आम्हाला ठाऊक असतं, पण सांगता येत नाही.