पाचवी खाली आली

“हात वर घे जरा,” मिस्त्री म्हणाला आणि टेप घेऊन लेकीच्या चाकांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर जवळजवळ आडवाच झाला.

लेकीने मांडीवरचा शर्ट उचलून धरला. सुई ओठांत होती. कोपऱ्यावरच्या शिंप्याकडचे काज-बटणाचे कपडे तिच्याकडे येत आणि दुपारच्या या वेळी तिचा हात सहसा थांबत नसे. मिस्त्रीने एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत माप घेतलं, मग जमिनीपासून गुडघ्यापर्यंत, मग कोपरापर्यंत. प्रत्येक माप तो दोनदा घेत होता आणि कानावरच्या पेन्सिलीने मनगटावर लिहीत होता. कागद त्याच्याकडून हमखास हरवत.

“मला खोक्यात घालून कुठे पाठवताय की काय?” सुई काढून तिने विचारलं.

“शाळेचं काम आलंय. एका वर्गाचं दार रुंद करायचं, उंबरठा काढायचा, एक डेस्क करायचं.”

“कुठल्या शाळेचं?”

टेप सर्रकन आत गेली.

“आपल्याच.”

लेकीने सुई पुन्हा ओठांत धरली. आता तिला बोलता येणार नव्हतं आणि मिस्त्रीला ते बरंच वाटलं.

त्या शाळेत चौथीपर्यंतचे वर्ग खाली होते आणि पाचवीपासूनचे वर. मधे बावीस पायऱ्या. मिस्त्रीने पाच महिने लेकीला रोज सकाळी उचलून वर नेलं होतं आणि दुपारी हातातलं काम टाकून खाली आणलं होतं. पोरगी अंगाने भरत होती आणि तो काही पहिलवान नव्हता. एका सकाळी चौदाव्या पायरीवर त्याच्या पाठीने दगा दिला. त्याने लेकीला पडू दिलं नाही. तिला तसंच छातीशी धरून तो खाली बसला. घंटा झाली होती आणि पोरं दोघांना वळसा घालून धडाधड वर पळत होती.

त्यानंतर तीन आठवडे तो अंथरुणाला खिळून होता. तो उठून हिंडू लागला तरी लेकीचं दप्तर खुंटीवरच राहिलं. शाळा सोड असं तिला कुणी म्हणालं नाही. शाळेने विचारलं नाही, त्याने विषय काढला नाही, तिने हट्ट धरला नाही. पुढे तिची आई गेली, घरात दोघंच उरली आणि बघता बघता अठरा वर्षं झाली. शाळेवरून जाणारा रस्ता मात्र ती अजून टाळायची. बाजारात जायचं तर मागच्या गल्लीतून लांबचा फेरा घ्यायची आणि म्हणायची, इकडे खड्डे कमी आहेत. खड्डे दोन्हीकडे सारखेच होते.

आदल्या दिवशी काम सांगायला मुख्याध्यापिका बाईंनी मिस्त्रीला बोलावलं, तेव्हा त्या खालच्या मजल्यावरच्या एका मोठ्या खोलीत उभ्या होत्या. ही खोली पूर्वी शिक्षकांची होती. तिचं दार मिस्त्रीनेच बसवलेलं होतं.

“पाचवीला एक नवीन मुलगी येतेय, चाकांच्या खुर्चीतून,” बाई सांगत होत्या. “तिच्या आईने अर्ज दिला. म्हटलं, ठीक आहे. शिक्षकांची खोली वर नेली, पाचवी खाली आणली. एका शनिवारात झालं की. पोरांनीच बाकं उचलली.”

“अर्ज?” मिस्त्रीने विचारलं.

“हो. अर्धं पान असेल.”

मिस्त्रीने मान डोलावली आणि दाराची चौकट तपासायच्या निमित्ताने पाठ फिरवली. चौकटीला काही झालेलं नव्हतं. पण तो तिच्यावर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला. लेकीला पाठीवर, खांद्यावर, कडेवर कसं नेता येईल याचा त्याने तेव्हा किती विचार केला होता. लाकडाची पाळण्यासारखी बैठक करून दोन माणसांनी उचलायची, इथपर्यंत त्याची मजल गेली होती. वर्गच खाली आणा असं म्हणायचं मात्र त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. म्हटलं असतं तर काय झालं असतं? फार तर नाही म्हणाले असते.

हे त्याने घरी सांगितलं नाही. आठ दिवस तो खाली मान घालून कामाला भिडला. दार सहा इंचांनी रुंद केलं, उंबरठा काढून टाकला, फळा खाली घेतला. डेस्कला बाईंनी प्लायवूड सांगितलं होतं. त्याने माळ्यावरची सागाची फळी काढली. दहा-बारा वर्षं ती तिथे होती आणि तिची मागणी आली की तो काहीतरी सबब सांगायचा. गुडघे आत जावेत म्हणून पुढची पट्टी कापली, कोपर टेकेल तिथे कड गोल केली, रंगाच्या आधी चार वेळा पॉलिशपेपर मारला. लेक बटणं लावता लावता बघत होती. एरवी त्याच्या कामात ती पन्नास खोड्या काढायची. या डेस्कबद्दल ती चकार शब्द बोलली नाही.

शनिवारी दुपारी डेस्क न्यायला हातगाडी आली, तेव्हा ती तयार होऊन दाराशी होती. केस नीट बांधलेले, इस्त्रीचा कुडता.

“मी येणार,” ती म्हणाली. “माप माझ्या खुर्चीचं आहे. बरोबर झालंय की नाही ते मी सांगणार.”

मिस्त्रीने हातगाडीवरची दोरी आवळली आणि तिला पुढे जाऊ दिलं.

शाळा सुटून गेली होती. शाळेच्या व्हरांड्याला नवा केलेल्या उतारावरून ती स्वतःच वर आली, उंबरठा नव्हता तिथून आत शिरली आणि वर्गाच्या मधोमध थांबली. भिंतीवर पाढे होते, मुलांनी काढलेली चित्रं होती. ती चित्रं एकेक करून बघत राहिली.

तेवढ्यात बाई नव्या मुलीला आणि तिच्या आईला घेऊन आल्या. मुलगी दहा वर्षांची, दोन वेण्या, खुर्चीसुद्धा छोटीशीच. सोमवारपासून वर्गात बसायचं म्हणून तिला आज दाखवायला आणलं होतं. डेस्क दिसताच तिने चाकं जोरात ढकलली आणि सरळ त्याच्यापुढे जाऊन थांबली.

डेस्कची कड तिच्या काखेशी आली.

छोटीने दोन्ही हात वर करून डेस्कवर ठेवून बघितले. तिला तसं लिहिता येणार नव्हतं हे आंधळ्यालाही कळलं असतं.

“मिस्त्री,” बाई हळूच म्हणाल्या, “माप कुणाचं घेतलंत?”

पाचवीच्या बाकाची उंची त्याला झोपेतून उठवून विचारली असती तरी सांगता आली असती. मुलगी दहा वर्षांची आहे हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्याने लेकीकडे बघितलं नाही.

“चुकलं,” तो म्हणाला. “सात इंच काढतो. आत्ता काढतो.”

तो पिशवीतून करवत काढू लागला.

“थांबा, बाबा,” लेक म्हणाली. “कापायच्या आधी मला बसू द्या.”

छोटी मागे सरली. लेक पुढे आली. तिचे गुडघे अलगद आत गेले, कोपरं गोल केलेल्या कडेवर टेकली. कुठे अडलं नाही, कुठे जागा उरली नाही. तिने सागाच्या फळीवरून एकदा हात फिरवला आणि फळ्याकडे तोंड करून ताठ बसली. फळ्यावर सकाळचं एक गणित अर्धवट पुसलेलं होतं. ते ती मनातल्या मनात सोडवत असावी, कारण तिची बोटं फळीवर हलत होती.

बाई छोटीच्या आईला खिडकीपाशी घेऊन गेल्या आणि पंख्यांबद्दल काहीतरी सांगू लागल्या.

मिस्त्री डेस्कच्या पायाशी उकिडवा बसला. पेन्सिलीची खूण करता करता तो खालच्या आवाजात म्हणाला, “या पोरीच्या आईने नुसता अर्ज दिला. अर्धं पान. मला तेव्हा सुचलं नाही गं.”

लेकीने फळ्यावरची नजर काढली नाही.

“मला तरी कुठे सुचलं?” ती म्हणाली. “मला वाटायचं, पाचवी वरच असते. गच्ची असते ना, तशी.”

मिस्त्रीने पेन्सिल खाली ठेवली. लेकीने वाकून त्याच्या खांद्यावर हात ठेवला, क्षणभर, आणि लगेच खुर्ची मागे घेतली.

“कापा आता. तिला सोमवारी बसायचंय.”

दोघांनी डेस्क आडवं केलं. हलू नये म्हणून लेकीने एका हाताने चाक अडवलं आणि दुसऱ्या हाताने डेस्कचा पाय दाबून धरला. करवत चालू लागली. पहिला पाय झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. चौथ्यापाशी मिस्त्री उगीचच करवतीचे दात बघत बसला.

“तीन पायांवर उभं करणार आहात का?” लेक म्हणाली.

त्याने चौथा पाय कापला. डेस्क उभं केलं, कड पुन्हा घासली, भुसा फुंकला. छोटीने पुढे येऊन कोपरं टेकवली आणि खूश होऊन आईकडे बघितलं. आता तिला बरोबर बसत होतं. तिने डेस्कवर बोटांनी ताल धरला. मग तिच्या काहीतरी लक्षात आलं. तिने मान वळवून मिस्त्रीच्या लेकीकडे बघितलं.

“मग आता तुम्ही कुठे बसणार?”

लेक हसली. बाई पंख्यांबद्दल बोलायच्या थांबल्या. मिस्त्रीने करवत पिशवीत घातली, पिशवी खांद्याला लावली आणि निघायचं म्हणून दारापाशी जाऊन उभा राहिला. लेकीने चाकांवरचे हात काढून मांडीवर ठेवले आणि ती तिथेच, फळ्याकडे तोंड करून, बसून राहिली.