दहा हजारांवर एक

शून्यावर संपणारा आकडा सोपानरावांना चालत नसे. लग्नातला आहेर असो की चाकणच्या त्यांच्या वर्कशॉपमधली ऑर्डर, वर एक हवाच. एका कंपनीने यंत्रात बसणारे दहा हजार छोटे धातूचे बुश मागितले, तर ह्यांनी आग्रह करकरून दहा हजार एक लिहून घेतले. तिथेच घोडं अडलं. कंपनीचा नवा नियम होता: खोक्यात शंभरापर्यंतच नग, पण सगळ्या खोक्यांत सारखे. एक जरी कमी-जास्त भरला तरी गेटवरूनच गाडी परत.

निगडीची नेहा दोन वर्षं इथे पॅकिंगला होती. डिस्पॅच, म्हणजे माल रवाना करायचं काम, आज पहिल्यांदाच तिच्याकडे आलं होतं, तेही आजच्यापुरतं. चारला गाडी नीट सुटली तर काम कायमचं तिचं. नाहीतर मालकांचा पुतण्या दिग्विजय टपलेलाच होता.

"शंभराची शंभर खोकी, आणि एक उरला," तो खुशीत म्हणाला. "मॅडम, तो काय पर्समधून पाठवणार?"

नेहाने एक पुठ्ठा ओढला आणि भागाकार मांडले. दोनने जाईना. जिथे दोन हरला तिथे चार, सहा, आठ काय दिवे लावणार? म्हणून तिने फक्त मूळ संख्या धरल्या. तीन खोडला, पाच खोडला, सातने पाच उरले, तेराने चार. एकाहत्तरही खोडला. वीस संख्या वाया गेल्या होत्या. शंभरापर्यंत कुणीच भेटलं नाही, तर हा आकडा फुटणारच नव्हता.

एकविसावी संख्या त्र्याहत्तर. बाकी शून्य!

"त्र्याहत्तरची एकशे सदतीस खोकी!" ती ओरडलीच.

सगळे भराभर भरायला लागले. पावणेचारला शेवटच्या खोक्यात निघाले बहात्तर. दिग्विजयचा चेहरा फुलला. नेहाने घाबरून पुठ्ठ्यावर गुणाकार पुन्हा केला. दहा हजार एकच. मग गणित नाही, नगच कमी होता. आणि एकदम तिला आठवलं, दर लॉटचा पहिला नग हळदकुंकू लावून ऑफिसातल्या गणपतीपुढे ठेवला जातो.

ती ऑफिसात सोपानरावांकडे धावली. "सर, पहिला नग हवाय."

"द्येवाचा हाय त्यो. न्हाई काढायचा!"

"वरचा एक तुम्हीच घातलात, सर, आणि तुम्हीच काढून घेतलात."

सोपानराव लाल झाले. मग खो-खो हसले. हात जोडून त्यांनी स्वतः तो बुश उचलला, रुमालाने कुंकू पुसलं आणि शेवटच्या खोक्यात ठेवला.

"द्येवापुढची जागा मोकळी नको. आण तुजा पुठ्ठा." त्या खाडाखोडीवर त्यांनी कुंकवाचं बोट टेकवलं आणि पुठ्ठा गणपतीपुढे ठेवला. "दिग्या, गाडीचं चलान हिच्याम्होरं ठेव. आजपासून सही हिचीच."

नेहाने ठसठशीत सही केली. आनंद तिच्या चेहऱ्यावर मावेना.

"आणि पुढच्या ऑर्डरचं काय, सर?"

"वर एक घालायच्या आधी तुला इचारीन," सोपानराव म्हणाले. "द्येवाला मागनं."