नगरच्या जागी पडलेलं भोक

मित्रांनो, मी एक जुना, कापडावर चिकटवलेला जगाचा नकाशा आहे. हसू नका! माझ्या अंगावर अजून अखंड सोव्हिएत रशिया आहे, वरची पट्टी एका बाजूने मोडली आहे, आणि नगरच्या जागी करंगळी जाईल एवढं भोक आहे. मला त्या भोकाचीच गोष्ट सांगायची आहे.

नगरला लागूनच असलेल्या भिंगारच्या एका शाळेत मी आलो तेव्हा कोरा करकरीत होतो. फिलोमिनाबाईंनी मला सहावीच्या वर्गात खिळ्याला टांगलं आणि चष्मा पुसून बराच वेळ शोधाशोध केली. माझ्यावर मुंबई होती, पुणं होतं, पण नगर काही सापडेना. "असं कसं चालेल?" म्हणत बाईंनी पेनाने एक ठिपका दिला. भिंगार आणि नगर, दोन्ही त्या एकाच ठिपक्यात.

बाई इंग्रजी शिकवायच्या. एकापेक्षा दुसरं मोठं, लहान, गरम, थंड असं सांगायचा धडा आला की त्यांची रीत ठरलेली. मुलाने डावं बोट आधी आपल्या ठिपक्यावर ठेवायचं, उजवं जगात वाटेल तिथे, आणि वाक्य बोलायचं. "नगर इज हॉटर दॅन लंडन." "टोकियो इज बिगर दॅन नगर." शहरं संपली की देशांची पाळी, "जपान इज स्मॉलर दॅन इंडिया." एकदा मामाकडे शिकायला राहिलेला श्रीगोंद्याचा योगेश छाती काढून म्हणाला, "श्रीगोंदा इज स्वीटर दॅन पॅरिस!"

"ते कसं रे?" बाईंनी विचारलं.

"बाई, आमच्याकडं शुगर फॅक्टरी हाय! हंगामात लई गोड वास सुटतो."

बाईंना हसू आवरेना. "बरोबर आहे. बस खाली." अशा होत्या आमच्या बाई. एवढी वर्षं एवढी बोटं त्या ठिपक्यावर टेकली, की शाई गेली, रंग गेला आणि शेवटी कापडही झिजलं.

बाईंची मुलगी एंजल त्याच वर्गात होती. शाळेत तिनेही आईला "बाई" म्हणायचं, असा बाईंचा नियम. चुकून "मम्मी" निघालं तर बाकावर उभं राहायचं. एक दिवस तपासणीला साहेब आले आणि नेमकी एंजलची पाळी आली. तिने एक बोट ठिपक्यावर ठेवलं, दुसरं लंडनवर, आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "भिंगार इज बेटर दॅन लंडन."

साहेब मान वर करून बघायला लागले. वाक्यात तसूभर चूक नव्हती, मित्रांनो. पण साहेबांसमोर आपल्याच मुलीला झुकतं माप दिलं असं दिसेल, या धास्तीने बाईंचा चेहरा उतरला.

"चूक," बाई म्हणाल्या. "लंडन इज बेटर दॅन भिंगार. दहा वेळा लिहून आण."

"पण बाई, लंडनला आपलं घर कुठंय?"

"दहा वेळा!"

पोरीने रडत रडत लिहिलं. बाईंनी त्यावर लाल शाईने बरोबरची खूण केली. मी भिंतीवर लटकून बघत राहिलो. नकाशाला जग दाखवता येतं, तोंड उघडता येत नाही.

पुढे एंजल नर्स झाली आणि, काय सांगू, लंडनलाच गेली. बाईंनी सगळ्या आळीत केक वाटला. काही वर्षांनी बाई निवृत्त झाल्या, शाळेत भिंतीएवढा स्क्रीन आला आणि माझी गुंडाळी कपाटामागे गेली. तिथे उंदरांनी माझा अर्धा ऑस्ट्रेलिया खाल्ला. शेवटी बिभीषण शिपायाने मला बाईंच्या घरी आणून दिलं.

"बाई, भंगारात चालला हुता. त्यात नगरच न्हाई, म्हनून कुनाला नको. म्हनलं, बाईंचंच लेकरू हाय हे."

बाईंनी मला पुढच्या खोलीत टांगलं. मार्कसाहेब, म्हणजे त्यांचे यजमान, तेव्हा जाऊन वर्ष झालं होतं. दर रविवारी चर्चहून आल्यावर एंजलचा फोन यायचा. एका रविवारी बाई म्हणाल्या, "एंजल, ये गं आता कायमची. इथं काय दवाखाने नाहीत?"

एंजल फोनवर हसली. "मम्मी, तूच तर माझ्याकडून दहा वेळा लिहून घेतलंस!"

ती थट्टेने म्हणाली हो, पण बाई हसल्या नाहीत. फोन ठेवून त्या माझ्यापाशी आल्या आणि त्या भोकात बोट घालून उभ्या राहिल्या. "पोरीचं बरोबर होतं रे," त्या म्हणाल्या. "ती आली की समोर बसवून सांगेन. फोनवर नको."

दर नाताळला बाई करंज्या करायच्या आणि दर नाताळला एंजलची रजा नामंजूर व्हायची. "मम्मी, पुढच्या वर्षी नक्की." मग एका वर्षी बाई करंज्यांत मीठ घालून बसल्या. नंतर गॅस विसरल्या, मग शेजाऱ्यांची नावं. बिभीषणाची बायको कडूबाई दिवसभर त्यांच्याजवळ राहू लागली. तिलाही बाई रोज विचारायच्या, "कुणाची गं तू?"

या नाताळात एंजल आली. दारात बॅग टाकून तिने बाईंना मिठी मारली. बाईंनी तिला हळूच दूर केलं आणि चष्म्यातून निरखून पाहिलं.

"उशीर का झाला वर्गात यायला?"

एंजल बॅगेवरच बसली. कडूबाईने तोंडाला पदर लावला. बाईंनी माझ्याकडे हात केला. "ऊठ. वाक्य सांग."

एंजल उठली. डावं बोट भोकात, उजवं लंडनवर. "भिंगार इज बेटर दॅन लंडन," ती कशीबशी म्हणाली.

"बरोबर!" बाईंचा चेहरा उजळला. "अगदी बरोबर. माझी एंजलही असंच म्हणाली होती. मी तिला चूक दिलं गं. ती आली की सांगायचंय मला, तुझंच बरोबर होतं म्हणून. तू ओळखतेस का तिला?"

एंजलने दोन्ही बोटं माझ्यावरून काढून घेतली. मग शाळेतल्यासारखी सरळ उभी राहून म्हणाली, "सांगते मी तिला, बाई."

मित्रांनो, एरवी मी म्हणालो असतो, जुने नकाशे जपा, भंगारात टाकू नका. आज माझी काळजी राहू द्या. माझं ते भोक आता कशानेही बुजणार नाही. पण तुमची कुणी वाट बघत असेल, तर त्यांना तुमचं नाव आठवतंय तोवर घरी जा.