पिवळा दिवा

श्रीरंगने दातांत धरलेला फ्यूज पुन्हा खाचेत बसवला आणि स्टिअरिंगखाली उताणा पडल्यापडल्याच चावी फिरवायला सांगितली. फर्डिनंडने ती फिरवली. पिकअप एका झटक्यात चालू झाली, आणि दोघांनाही त्याचाच वैताग आला.

"बघ," फर्डिनंड म्हणाला. "दारात कशी शहाण्यासारखी चालते."

सकाळी नऊपासून हेच चाललं होतं. गाडी सतरा वर्षांची, डिझेलवरची. फर्डिनंडची एकुलती मुलगी इनेझ मुंबईतली नोकरी सोडून तीन वर्षांपासून ही गाडी चालवत होती. वाडीतली भाजी आणि सोनचाफा भरायचा आणि गोखिवरे, चंदनसारच्या सोसायट्यांमध्ये घरोघरी पोचवायचा, हा तिचा धंदा. घर होतं त्या भुईगावात गाडीला काही होत नसे. वसईचा रेल्वेवरचा पूल चढताना मात्र ती मध्येच मान टाकी. पहिल्यांदा हे घडलं गणपतीत. मागचा पाण्याचा टँकर हातभर अंतरावर थांबला म्हणून इनेझ वाचली. फर्डिनंड तिथे नव्हता, पण तो ही हकीकत अशी सांगे की ऐकणाऱ्याला वाटावं, टँकर हाच चालवत होता.

तेव्हा श्रीरंगला डिझेल पंपाची एक सैल वायर सापडली होती. ती त्याने घट्ट केली, आणि पंधरा दिवसांनी गाडी पुन्हा पुलावर बंद पडली. मग त्याने रिले बदलला, बॅटरीची अर्थ वायर नवी टाकली. गाडीने प्रत्येक वेळी आठवडा-दोन आठवडे मान राखला आणि पुन्हा त्याच चढावर त्याचं नाक कापलं. गोखिवऱ्याला वीस वर्षं गॅरेज चालवणाऱ्या माणसाला हे जिव्हारी लागत होतं. म्हणून आज तो दुकान बंद ठेवून इथे आला होता.

"आज सापडलं तर सापडलं," फर्डिनंडने सकाळीच बजावलं होतं. "उद्या भंगारवाला येतोय. पोरगी पुलावर मरण्यापेक्षा गाडी मेलेली बरी."

सालोमी, त्याची बायको, स्वयंपाकघराच्या दारातून तासातासाला येऊन सापडलं का विचारत होती. फर्डिनंड तिच्यावर खेकसे, ती त्याच्यावर. हे सगळं त्यांच्या घरच्या बोलीत चाले आणि मूळ चिपळूणच्या श्रीरंगला त्यातलं अर्धंच कळे. तेवढंही पुरेसं होतं.

त्याने डॅशबोर्ड खोलला. एकेका वायरीवर मीटर लावून पाहिला. सगळीकडे करंट व्यवस्थित येत होता. एक काळी टेप गुंडाळलेली तुटकी वायर तेवढी मध्ये लोंबत होती. ती त्याच्या ओळखीची होती. दोन महिन्यांपूर्वी डॅशबोर्डवरचा एक पिवळा दिवा सारखा लागत होता, म्हणून त्यानेच ती तोडली होती. जुन्या गाड्यांचे दिवे खोटंच बोलतात, असं सगळीच गॅरेजं मानतात आणि सगळीच ही वायर तोडतात. त्याने ती बोटाने बाजूला सारली आणि पुढचा तास बाकीच्या वायरिंगला शिव्या घालण्यात घालवला.

दुपारी तो हरून पायरीवर बसला. गाडी पुलावरच का बंद पडते? इथे का नाही? समोर सपाट अंगण, सपाट वाडी, सपाट रस्ता. अख्ख्या भुईगावात चढ म्हणून नाही. तेवढ्यात त्याची नजर वाडीमागच्या बावखलाकडे गेली. त्या तळ्यात उतरणारी एक पायवाट होती, चांगली रुंद आणि तिरपी.

त्याने पिकअप उलटी घेत त्या उतारावर नेली, चाकांना दगड लावले आणि तोंड वर, बूड खाली अशी चालू ठेवून दिली. गाडीचं डोकं फिरलंय की श्रीरंगचं, असं फर्डिनंडने मोठ्याने विचारलं. सातव्या मिनिटाला इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

श्रीरंगला आनंदाने ओरडावंसं वाटलं. म्हणजे वायरीत काही नव्हतंच, घोटाळा टाकीत होता. चढावर टाकीतलं काहीतरी मागे, इंजिनला डिझेल नेणाऱ्या नळीच्या तोंडाशी सरकत होतं. फिल्टर मे महिन्यात नवा टाकला होता, म्हणून इतके दिवस कोणी तिकडे पाहिलंच नव्हतं. त्याने एक मोठी प्लास्टिकची बाटली खाली धरून टाकीचा तळाचा नट सैल केला, फिल्टरही तिच्यातच रिकामा केला आणि बाटली उन्हात धरली. वर पिवळसर डिझेल होतं. खाली, स्वच्छ आणि वेगळं, पाऊण लिटर पाणी होतं.

फर्डिनंड तर पेटलाच. पंपवाला चोर, त्याचा मालक चोर, मी आत्ताच जाऊन त्याची गचांडी धरतो, म्हणत तो चपला शोधू लागला. बाटली पुरावा म्हणून त्याने श्रीरंगच्या हातातून हिसकावून घेतली. सालोमी दारात येऊन उभी होती. बाटलीतलं पाणी पाहून तिचा हात चौकटीवर गेला आणि तिथेच राहिला.

श्रीरंग गप्प राहिला असता तर सगळं पंपवाल्यावर निभावलं असतं. पण त्याला ती काळी टेप आठवली, आणि ती लावल्यानंतरही इनेझ त्याच पुलावर गाडी घेऊन जात होती, हेही आठवलं.

"काका, पंपावर जाऊ नका," तो म्हणाला. "टाकीत पाणी आलं की तो पिवळा दिवा लागतो. दोन महिन्यांपूर्वी तो हेच सांगत होता. मला वाटलं खोटा लागतोय. वायर मीच तोडली."

फर्डिनंडने तोंड उघडलं, पण सालोमी आधी बोलली. मराठीतच बोलली.

"पाणी मीच घालत होते."

गणपतीतल्या त्या टँकरच्या प्रसंगापासून दर रविवारी मिस्साहून आल्यावर, ती म्हणाली, खिळ्यावरची टाकीची चावी घ्यायची आणि ईस्टरला आणलेलं पवित्र पाणी त्यात ओतायचं. पोरीला सांभाळ, एवढंच म्हणायचं. गाडी पुन्हा बंद पडली तेव्हा तिला वाटलं, आपली प्रार्थनाच कमी पडतेय.

"किती घालत होतात, मावशी?"

"झाकणभर. ते काय नळाचं आहे?"

श्रीरंगने मनात हिशेब केला. गणपतीपासून रविवार झाले चौदा-पंधरा. चौदा-पंधरा झाकणांनी अर्धा कपसुद्धा भरला नसता. त्याने बाटलीकडे पाहिलं आणि मग, नकळत, बाटली धरणाऱ्याकडे.

सकाळपासून तोंड चालू असलेल्या फर्डिनंडने बाटली खाली ठेवली. मग वाकून जमिनीवरचा एक पाना उचलला, ज्याची कोणालाच गरज नव्हती.

"झाकणभराने काय होणार," तो पान्याकडे बघत म्हणाला. "एवढी मोठी गाडी. मी ग्लासभर घालायचो."

सालोमीला आधी कळलंच नाही. हा माणूस नाताळलासुद्धा चर्चच्या आवारात, बाहेरच्या झाडाखाली उभा राहायचा. लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती आणि त्यावरून भांडायचं तिने दहा वर्षांपूर्वीच सोडून दिलं होतं.

"कुठून आणलंस?"

"चर्चमधून. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी. पवित्र पाण्याचं पिंप असतं ना तिथे."

"ते पिंप तर आत असतं."

"आतच असतं," फर्डिनंड म्हणाला.

ती पायरीवर बसली. इतके महिने आपण एकटीच जीव मुठीत धरून आहोत, असं तिला वाटत होतं.

श्रीरंगने टाकी धुतली, नवा फिल्टर टाकला आणि शेवटी ती काळी टेप सोलून वायर जोडली. बावखलाच्या उतारावर गाडी पाऊण तास चालली, एकदाही न खोकता. संध्याकाळी इनेझ शेजाऱ्याच्या रिक्षातून माल पोचवून आली. चालू गाडी पाहून तिने आधी भंगारवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं आणि मग विचारलं, काय निघालं?

"टाकीत पाणी गेलं होतं," फर्डिनंड म्हणाला. "झाकण सैल होतं."

"सैलच होतं," सालोमी म्हणाली. दिवसभरात नवराबायकोचं एकमत झालं ते तेव्हा.

श्रीरंगने इनेझला पिवळा दिवा दाखवला. हा लागला की गाडी लगेच बाजूला घ्यायची, कोणी काही सांगो, हा खरं बोलतो, असं तो म्हणाला. ती त्याला गोखिवऱ्याला सोडायला निघाली. वाटेत पूलही बघून होणार होता. तिने गिअर टाकला तसा फर्डिनंड घरात गेला आणि खिळ्यावरची टाकीची चावी घेऊन आला.

"ही तुझ्याजवळ ठेव."

"का? इतकी वर्षं खिळ्यावरच असते की."

फर्डिनंड गाडीच्या चाकाकडे बघू लागला. सालोमीने त्याच्या हातातून चावी घेतली आणि खिडकीतून इनेझच्या तळहातावर ठेवून तिची बोटं मिटली.

"तुझ्याजवळच असू दे. समोर दिसली की हात जातो."