सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ

मी एक जुना संगणक आहे. मित्रांनो, ‘जुना’ हा शब्द मी स्वतः वापरला तर चालतो, दुसऱ्याने वापरलेला मला खपत नाही. बारा वर्षांपूर्वी हडपसरच्या एका लहानशा खोलीत अस्मिताताईने सुटे भाग आणून, स्क्रू पिळून मला स्वतःच्या हाताने जोडले. पहिल्या दिवशी हळदकुंकू वाहिले आणि पडद्यावर एक चेंडू उडवला. तो चेंडू अजून माझ्या पोटात आहे.

ताई हलती चित्रे काढते. चित्रे झाली, की त्यांची एक फाइल बांधायची, ती फोनवर जाईल इतकी हलकी करायची आणि लोकांना पाठवण्याजोगी करून द्यायची, हे माझे काम. मी हळू आहे, मान्य. माझा पंखा कोकलतो, तेही मान्य. पण आजवर एकही काम मी अर्ध्यावर टाकलेले नाही.

गेल्या उन्हाळ्यात निशाताई आल्या. त्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवतात, त्यांना स्वतःलाही ऐकू येत नाही. बाळाला जुलाब लागले तर मीठ-साखरेचे पाणी कसे करायचे, हे ऐकू न येणाऱ्या आयांना खुणांनी सांगणारी चित्रफीत हवी होती. निशाताई खुणा करत गेल्या, अस्मिताताई बोट न बोट रेखाटत गेली. एक लिटर पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. घरातल्या ऐकणाऱ्या माणसांसाठी मागे आवाजही घातला.

फाइल न्यायला, ही चित्रफीत करवून घेणाऱ्या संस्थेचा सलिल आला. संस्थेची प्रसिद्धी तोच बघतो.

“आडवं कोण बघतं गं आता? फोनसाठी उभं कर, बाजू कापून टाक,” तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. “आणि हा डबा अजून ठेवलायस? भंगारवाल्याला दे. माझ्या लॅपटॉपवर एका क्लिकमध्ये होतं.”

डबा! मित्रांनो, मला हात असते तर दाखवले असते.

झाले, त्याने खरोखर एका क्लिकमध्ये दोन्ही बाजू उडवल्या. मग दोघांनी चित्रफीत लावून तपासली. कशी तपासली? कान देऊन! आवाज खणखणीत होता, तेव्हा दोघांनीही माना डोलावल्या. संध्याकाळी ती फोनवरच्या दोनशे गटांवर जायची होती.

तेवढ्यात निशाताई आल्या. त्यांनी ती एकदा पाहिली, पुन्हा पाहिली आणि वहीत लिहून समोर धरले : ‘मीठ एक चमचा? बाळाला मारायचंय का?’

अर्ध्याची खूण दोन हातांची होती. डावा हात कापलेल्या बाजूबरोबर गेला होता आणि उरले होते उजव्या हाताचे एकच बोट.

“अगं, पण त्यात बोलतात की अर्धा म्हणून!” सलिल म्हणाला.

“कोणासाठी बोलतात, सलिल?” अस्मिताताईने विचारले. मान डोलावणाऱ्यांत आपणही होतो, याची तिला लाज वाटत होती.

मूळ फाइल माझ्याकडे होती, दोन्ही हातांसकट. ताईने आडवे चित्र जसेच्या तसे उभ्या चौकटीत बसवले आणि खालच्या रिकाम्या जागेत मोठे आकडे घातले. फाइल जड झाली. तेव्हा मागे सळसळणारी आंब्याची पाने तिने काढून टाकली. ती पाने सलिलची हौस होती. मी तीन तास धापा टाकत होतो.

“कधी होणार गं?”

“घाई असेल तर कापलेलं पाठव. खाली तुझं नाव मात्र टाक.”

सलिल खुर्ची ओढून बसला.

फाइल निघाली. निशाताईंनी ती फोनवर आवाज बंद करून पाहिली. मग माझ्यासमोर दोन्ही हात उचलून त्यांनी अर्ध्याची खूण केली आणि त्या हसल्या. इतका आनंद मला त्या पहिल्या चेंडूच्या वेळीही झाला नव्हता.

मित्रांनो, आमच्यावरची धूळ पुसा, हे तर मी सांगणारच. पण काहीही पाठवण्याआधी, ते ज्याच्यासाठी केले त्याला एकदा दाखवा. अस्मिताताईने माझ्या कपाळावर पाटीच लावली आहे : ‘येथे हात कापले जात नाहीत. घाई असणाऱ्यांनी घरी बसून करावी.’

ही पाटी आहे तोवर कोणत्याही भंगारवाल्याने मला उचलून दाखवावे. माझे दोन्ही हात शाबूत आहेत, निशाताईंचे.