दादा घरी आल्यावरच टपाल

दुपारी चार वाजून बारा मिनिटांनी खोक्याने सात मेल आणले. घरात दोघीच होत्या: मशीनवर कुणाच्या तरी पँटची शिवण उसवत बसलेली बारकी आणि पडदे काढणारी आई.

खोकं म्हणजे बारकीच्या दादाचा मेल सर्व्हर. चपलांच्या कपाटावर, वर चिमुकली स्क्रीन. बाहेरच्या कंपनीच्या पेटीत साठलेलं टपाल ते घरी आणायचं, पण दादाचा फोन घरच्या वायफायला जोडला गेला की मगच. "वाचणारा घरी नसताना आणून कुणाला दाखवायचं?" हा त्याचा खाक्या. वाचायचाही खोक्यातूनच, घरच्या वायफायवर.

अकरा दिवसांपूर्वी मशीन लावायला बारकीने खोक्याची पिन काढली. दादा भडकला. ती म्हणाली, "माणसांपेक्षा खोकं प्यारं तुला. जा त्यालाच घेऊन!" दादा गेला, खोकं ठेवून. फोन उचलेना. मग तिने मेल केला: चुकलं माझं, घरी ये. तो वाचायलाच त्याला घरी यावं लागेल, हे पाठवल्यावर लक्षात आलं.

"आई, त्याचा जुना फोन चार्जिंगला लावलास?"

"त्याची बॅटरी कधीच मेलीय."

"मग दादा आलाय."

"कुठं? पलंगाखाली बघ."

बारकी धावत खाली गेली. जिन्यात कुणी नव्हतं. वायफाय कुठवर पोचतं ते पाहत ती स्वतःचा फोन धरून चालत सुटली. फाटकापाशी दोन रेघा. समोरच्या चावीवाल्याच्या बाकापाशी एक. पुढे काहीच नाही.

चावीवाल्याने कानस थांबवली. "दादा ना? बसला होता की इथं. फोनमध्ये डोकं घालून."

"काही बोलला?"

"म्हटलं, किल्ली करायचीय का? तर म्हणे, आहे माझ्याकडे."

"गेला कुठं?"

"ते नाही बुवा पाहिलं. गिऱ्हाईक आलं."

ती वर आली. "सापडला?" आईने पडद्याआडून विचारलं. बारकी खोक्यावर वाकली होती. तिच्या मेलपुढे खूण होती: वाचला, चार पंधरा. उत्तर नव्हतं.

चार एकेचाळीसलाही स्क्रीनवर दादाचा फोन वायफायला जोडलेलाच दिसत होता. म्हणजे तो बाकाच्या अलीकडेच कुठंतरी होता.