इस्त्री तर चालू आहे

शिवणकामाच्या त्या छोट्या कारखान्यात इस्त्रीच्या टेबलाशी मालकिणीची धाकटी जाऊ उभी असायची. मोठी बोलघेवडी आणि हसतमुख. इस्त्री धरली की बोटांना मुंग्या यायच्या, म्हणून ती मुठीला फडकं गुंडाळायची. एकदा म्हणाली, "ताई, ही बया मला गुदगुल्या करतेय हो."

मालकीण कापड बेतत होती. मान वर न करता म्हणाली, "तापतेय ना? मग एवढी खेप निघू दे. नंतर बघू."

ती खेप निघाली, पुढची आली. बघायचं राहूनच गेलं.

एका सकाळी फरशी नुकतीच पुसली होती. धाकटीने चपला दाराशी काढल्या, ओल्या फरशीवर उभी राहून इस्त्री उचलली आणि जागच्या जागी कोसळली. कुणीतरी धावत जाऊन मेन स्विच बंद केला. पण दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

काही दिवसांनी दीर बायकोचा डबा आणि चष्मा न्यायला आला. मालकिणीला रडू आवरेना. "भावजी, तिचं नशीबच खोटं..."

"नशिबाचं नाव नका घेऊ, वहिनी," तो हळूच म्हणाला. "शिलाई मशीनला तुम्ही न चुकता तेल घालता. टाका तुटला की काम अडतं ना! हिला झटके बसत होते, पण काम अडत नव्हतं. म्हणून कुणी पाहिलं नाही."

डबा काखेत मारून तो गेला. पुन्हा कधी त्या दारात आला नाही.

मालकिणीने वायरमन बोलावला. इस्त्रीत करंट उतरत होता आणि तो जमिनीत नेणारी अर्थिंगची तार प्लगमध्ये तुटलेली निघाली.

"वरून हे दिसत नाही," तो म्हणाला. "मीटर लावून तपासावं लागतं. तेही नेमाने, एकदा करून भागत नाही."

आता ठरलेल्या दिवशी काम थांबतं आणि इस्त्री, मशीन, पंखा, सगळं तपासलं जातं. एकदा शेजारच्या छापखान्याचा मालक हसला. "अहो, सगळं चालू तर आहे. मग तपासायचं काय?"

"तेव्हाही सगळं चालूच होतं," मालकीण म्हणाली. दुसऱ्या दिवशी त्याने वायरमनचा पत्ता विचारला.

मंडळी, यंत्र चालतंय म्हणजे ते सुरक्षित आहे, असं नाही. आपल्या हाताखाली राबणाऱ्याला बारीकसा झटका बसला, तर काम तिथेच थांबवा. थांबलेलं काम पुन्हा सुरू करता येतं.